पार्ट बदलण्याआधी व्हॅक्यूम गेज लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी गाडीत काय काय बघून घ्यावं यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, वायपर, टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल सगळं होतं त्यात आणि लेख चांगलाच होता, पण गाडी आयडलिंगला थरथरते किंवा अ‍ॅव्हरेज पडलाय तर "गॅरेजला नेऊन स्कॅनर लावून घ्या" एवढ्या एका वाक्यात तो विषय उरकला, म्हणून हे पत्र. मी आयुष्यभर मोटर मेकॅनिकचंच काम केलं, आता गॅरेज मुलगा बघतो. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, माझा राग नाही, आमच्याकडेही आहे. पण स्कॅनर लावला, कोड आला, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव तो बदलला, बिल झालं आणि आठ दिवसांनी गाडी परत दारात, हे आता इतकं चाललंय की गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगं वाटेनासं झालंय.

पूर्वी गाडी आली की मिस्त्री आधी व्हॅक्यूम गेज लावायचा. एक गोल डायल, एक रबरी पाइप, बस. आजही दीड-दोन हजारात बरा गेज मिळतो, त्याला बॅटरी लागत नाही की सबस्क्रिप्शन लागत नाही. इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दांडा मागे ओढला की बोट आत खेचल्यासारखं होतं ना, पेट्रोल इंजिनात तेच चालू असतं, पिस्टन खाली जाताना हवा ओढतो आणि हवेची वाट उघडझाप करणारी थ्रॉटलची चकती जवळपास बंद असते त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे चकतीपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या पाइपात, ओढ म्हणजेच व्हॅक्यूम तयार होतो. ही ओढ किती आहे आणि ती एकसारखी आहे का एवढंच गेज सांगतो. पण पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह, टायमिंग, गॅस्केट, रबरी पाइप, सायलेन्सर यातलं काहीही बिघडलं तरी त्याचा परिणाम या ओढीवर होतोच, म्हणून एका काट्यावरून एवढं कळतं.

इंजिन गरम झालेलं पाहिजे, एसी बंद, लाइट बंद. गेजचा पाइप मॅनिफोल्डवरच्या नळीला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून जोडायचा, म्हणजे ती नळी जिथे जाते ते कामही चालू राहतं. नळी थ्रॉटलच्या पुढची, म्हणजे इंजिनाच्या बाजूचीच हवी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत काही वेळा डिस्ट्रिब्युटरला जाणारी नळी चकतीच्या वरून निघायची, तिथे गेज लावला तर आयडलिंगला काटा शून्यावर, आणि शिकाऊ पोरगं घाबरून इंजिन गेलं म्हणून सांगायला यायचं.

चांगल्या पेट्रोल इंजिनाला समुद्रसपाटीवर आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे इंच, गेजवर ओढ त्यातच मोजतात) मिळतात आणि काटा जागेवर स्थिर राहतो. हे मुंबईचं झालं. वर चढाल तसं दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी होतो कारण बाहेरची हवाच पातळ होत जाते, त्यामुळे आमच्या कोल्हापुरात किंवा पुण्यात पावणेदोन-दोन इंच कमी धरायचे आणि महाबळेश्वरला साडेचारच्या आसपास. हे माहीत नसलं की चांगलं इंजिन खराब ठरतं. इंटरनेटवरचे बहुतेक तक्ते समुद्रसपाटीचे असतात, आणि आपल्याकडची पोरं ते तक्ते मोबाइलवर बघून तसेच लावतात.

आता काटा काय बोलतो ते. काटा स्थिर आहे पण तीन-चार इंच खाली आहे, तर इग्निशन मागे पडलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय, किंवा पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारा टायमिंग बेल्ट एखादा दात चुकवून बसलाय, नुकतंच बेल्टचं काम झालेली गाडी असेल तर पहिला संशय तिथेच घ्यायचा. फारच खाली, दहाच्याही खाली आणि तिथेच स्थिर, तर मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा एखादी मोठी नळी हवा ओढतेय. काटा ठराविक वेळाने एकच झटका खाली मारतो आणि परत जागेवर येतो, दर वेळी तसाच, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळलाय. अधूनमधून, काही ताल न धरता झटका येत असेल तर चिकटणारा व्हॉल्व्ह किंवा प्लगचं मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकतेय. आयडलिंगला काटा थरथरतो आणि रेस दिल्यावर शांत होतो तर व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ते व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, उलट रेस वाढवली की थरथर वाढते तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ढिल्या. हे सगळं हेड न उतरवता, बॉनेटपाशी उभं राहून कळतं! अर्थात काटा दिशा दाखवतो, निकाल देत नाही, व्हॉल्व्हचा संशय आला तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, करायचीच.

सायलेन्सरची टेस्ट तर मला सगळ्यात आवडते, कारण त्यात भले भले फसतात. गाडी ओढत नाही, चढाला दम टाकते, पेट्रोल पंप बदलून झाला, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, तरी तेच. गेज लावून रेस अडीच हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) धरून ठेवायची. काटा आधी वर जाऊन स्थिर राहिला तर ठीक, पण हळूहळू खाली खाली यायला लागला तर धूर बाहेर पडायला वाट नाही, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय किंवा पाइप आतून दबलाय. आणि रिंगांसाठी रेस एकदम देऊन एकदम सोडायची, काटा शून्याजवळ पडून मग नेहमीच्या जागेच्याही वर चार-पाच इंच उडी मारून खाली आला तर रिंगा ठीक. उडी मारलीच नाही तर ऑइल खाणारं इंजिन आहे का ते विचारा मालकाला.

परवा आमच्या ओळखीतल्या एकाची गाडी आली, बाहेरून सीएनजी किट बसवलेली. आयडलिंगला रेस आपोआप वर खाली, इंजिनचा लाइट चालू. एका गॅरेजात ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला होता, प्लग बदलले होते, थ्रॉटल बॉडी साफ केली होती आणि आता ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलावा लागेल म्हणून सांगितलं होतं, त्याचा आकडा ऐकून माणूस हबकला होता. मुलाने गेज लावला, काटा बाराच्या आसपास. मग एकेक नळी चिमटीत दाबत गेला, आणि किटसाठी मॅनिफोल्डच्या नळीत जो प्लॅस्टिकचा टी टाकलेला असतो त्याच्या मागची नळी दाबल्यावर काटा वर आला. टी तडकला होता. ज्या गाडीत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत असतो, तिथे अशी हवा शिरली की ईसीएमला वाटतं इंजिनावर लोड आलाय, तो पेट्रोल वाढवतो, रेस चढते, मग तोच रेस पाडतो, परत चढते. ईसीएम बिचारा मिळालेल्या माहितीवर बरोबरच वागत होता. सीएनजीवाल्यांनी तो टी आणि नळ्या दर सर्व्हिसला बघून घ्याव्यात, बॉनेटखालच्या उष्णतेने रबर कडक होऊन चिरतं आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली घुसून नळ्या कुरतडतात ते वेगळंच. आणि एक, गळती शोधायला काही जण कार्ब क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनावर मारतात, तो पेट घेतो, त्यापेक्षा नळ्या दाबून बघणं केव्हाही बरं.

ब्रेकचं मात्र जरा सविस्तर सांगतो कारण तिथे जिवाशी गाठ आहे. पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा डबा, याच मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो, मधे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो म्हणून इंजिन बंद पडलं तरी थोडी ओढ बूस्टरमध्ये शिल्लक राहते, पण ती दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरतीच. आंबा घाट, फोंडा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी सोडणारे लोक अजून आहेत, मी स्वतः बघतो. दोन-तीन वळणांनंतर पेडल दगडासारखं होतं आणि माणसाला वाटतं ब्रेक फेल झाला. शिवाय पॉवर स्टीअरिंगही जड होतं. तुमच्या वाचकांना गेज नसला तरी घरी करता येईल अशी एक टेस्ट आहे, इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा म्हणजे शिल्लक ओढ संपेल, मग पाय दाबून धरूनच गाडी स्टार्ट करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर, व्हॉल्व्ह किंवा नळी यात गडबड आहे, गाडी घाटात नेऊ नका.

डिझेलवाले विचारतील आमचं काय. बहुतेक डिझेल इंजिनात हवा अडवून ओढ तयार होत नाही, त्यामुळे वरचं काट्याचं गणित तिथे लागू नाही, तिथे ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आपल्या बऱ्याच जुन्या जीप आणि सुमोंना तो अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. गेज बूस्टरच्या नळीत टाकायचा, काही सेकंदांत काटा विसाच्या चांगला वर गेला पाहिजे आणि इंजिन बंद केल्यावर तिथेच टिकला पाहिजे. काही टर्बोंचा कंट्रोलही याच ओढीवर चालतो, म्हणून टर्बो गेला म्हणून सांगितलं तर आधी ती बारीक नळी बघा.

ज्यांना गेज जुना वाटतो त्यांना सांगतो, हाच आकडा स्कॅनरमध्येसुद्धा असतो, फक्त लाइव्ह डेटा उघडावा लागतो. तिथे मॅपचं रीडिंग किलोपास्कलमध्ये दिसतं आणि ते उलटं असतं, ओढ जितकी जास्त तितका आकडा कमी, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब मुंबईत १०१ च्या आसपास, गेजवर १८ इंच असतील तर स्कॅनरवर ४० दिसणार. पण काट्याची थरथर स्कॅनरवर दिसत नाही, आकडा तेवढ्या वेगाने बदलत नाही, आणि जळका व्हॉल्व्ह त्या थरथरीतच असतो. मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेली पोरं आमच्याकडे येतात, गेजचं नाव पुस्तकात वाचलेलं असतं, हातात घेतलेला नसतो. हुशार असतात, दोन गाड्यांवर दाखवलं की तिसरी स्वतः करतात.

म्हणून मला वाटतं, जॉब कार्डवर किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा लिहून घेतात तसं सर्व्हिसला व्हॅक्यूमचं रीडिंगही लिहावं, किती इंच, काटा स्थिर की हलता. नव्या गाड्यांत व्हॉल्व्ह टायमिंग बदलतं असतं, काहींचं आयडलिंगचं व्हॅक्यूम मुळातच कमी असतं, तिथे तक्त्यापेक्षा त्याच गाडीचं मागच्या वर्षीचं रीडिंग जास्त कामाला येतं. गिऱ्हाइकाने ते मागून घ्यावं, आणि सेन्सर बदलायचा म्हटलं तर आधी रीडिंग किती आलं ते विचारावं.

आपला,
एक जुना मिस्त्री, कोल्हापूर