तो ब्लॉक नशिबाचा नव्हता

महोदय,

कालच्या क्रीडापानावर आयर्लंडमधल्या टिरोन परगण्याच्या संघाचा बचावपटू कॉनर गॉर्मली याच्या कारकिर्दीवर लेख छापलात, त्याबद्दल आभार. गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाला आपल्याकडे जागा मिळते कुठे! पण 2003च्या अंतिम सामन्यातला त्याचा ब्लॉक, म्हणजे हातांनी अडवलेला फटका, लेखकाने ‘नशिबाची साथ’ म्हणून एका ओळीत निकालात काढला, हे वाचून संताप आला.

सामना संपत आलेला, गोल समोर आणि चेंडू प्रतिस्पर्धी आर्माच्या स्टीव्हन मॅकडॉनेलच्या हातात. त्याचा फटका गॉर्मलीने झेप घेऊन अडवला. टिरोन शेवटी 12-9 असा जिंकला. फरक तीन गुणांचा, आणि या खेळात एका गोलचेच तीन गुण मिळतात. टिरोनचे ते पहिलेवहिले अखिल आयर्लंड विजेतेपद होते.

या खेळात खेळाडू चेंडू हातातून सोडून बुटाने मारतो. चेंडू हातातून सुटल्यापासून बुटाला लागेपर्यंतचा क्षण, तेवढाच वेळ बचावपटूला मिळतो. त्याआधी झेप घेतली, तर मारणारा नुसती हूल देतो, चेंडू पायाच्या चवड्याने पुन्हा स्वतःच्या हातात घेतो आणि जमिनीवर पडलेल्या बचावपटूला ओलांडून जातो. उशीर झाला तर चेंडू निघून गेलेला असतो. पाय आडवा घातला की फाउल. म्हणून दोन्ही हात जोडीने, खाली, थेट बुटापाशी न्यायचे आणि अंग पायाच्या बाजूला पडेल अशा बेताने झोकून द्यायचे. डोळे मिटले की हात चुकतात. भरधाव धावत येऊन गॉर्मलीने हे सगळे साधले, तेही सत्तर मिनिटांच्या सामन्याच्या शेवटी, पाय जड झालेले असताना. याला नशीब म्हणतात?

2003, 2005 आणि 2008 ही त्याच्या काळातल्या टिरोनच्या विजेतेपदांची तिन्ही वर्षे तो ऑल स्टार संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघात, होता: आधी उजवा हाफबॅक, मग सेंटर हाफबॅक, शेवटी कॉर्नरबॅक. हाफबॅकला चेंडू घेऊन पुढे धावायची मुभा असते. सेंटर हाफबॅकला गोलासमोरची मधली जागा सोडून चालत नाही. कॉर्नरबॅकने एकच माणूस धरायचा आणि त्याला वळूच द्यायचे नाही. तिन्ही जागी देशातल्या सर्वोत्तमांत निवड होणे, ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट. लेखात तिचा उल्लेखही नाही. त्याने किती गुण केले, याची चर्चा मात्र आहे! 2003च्या उपांत्य सामन्यात केरीसारख्या संघाला टिरोनने जेमतेम सहा गुण करू दिले. बचावफळीचे मोजमाप करायचे तर असे करा.

कबड्डीच्या बातम्यांतही आपण हेच करता. चढाईपटूचे गुण मथळ्यात येतात आणि कोपरारक्षकाने सामना फिरवणारी पकड केली, तरी त्याचे नाव शेवटच्या परिच्छेदात शोधावे लागते.

आणखी एक. लेखाशेजारचे छायाचित्र हर्लिंग या दुसऱ्याच आयरिश खेळाचे आहे, खेळाडूंच्या हातात काठ्या स्पष्ट दिसतात. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे