विमानातलं उष्टं कुठे जातं?

संपादक साहेब, नमस्कार.

नवी मुंबईच्या नवीन विमानतळाबद्दल तुमच्या पेपरात सारखं काहीतरी असतं, फ्लाइट किती वाढल्या, उलव्यात घरांचे भाव कुठे गेले. मला वेगळंच विचारायचंय. परदेशातून येणाऱ्या विमानांत उरलेलं जेवण उतरवल्यावर जातं कुठे?

विचारतोय कारण आमच्या घरी डुकरं होती. माजिवड्याला, वडिलांच्या काळात, पाच-सहा मोठी आणि पिल्लं, हॉटेलातलं उष्टं मी सायकलवर डबे लावून आणायचो. एका पावसाळ्यात आधी दोन माद्यांनी खाणं सोडलं, मग अंगात ताप, कानांवर पोटावर जांभळे डाग, आणि आठ दिवसांत गोठा रिकामा झाला. कुठला रोग ते कोणी सांगितलंच नाही. त्या नाताळाला पहिल्यांदाच मटण विकत आणलं, आई दिवसभर कोणाशी धड बोलली नाही.

तेव्हा होता तो कदाचित साधा डुकरांचा ताप असेल, त्याला लस तरी आहे. आता भीती आहे ती आफ्रिकन स्वाइन फीवरची. 2020 ला आसाम-अरुणाचलमध्ये देशात पहिल्यांदा सापडला, 2022 ला केरळात वायनाडला पोचला, आपल्याकडे यावर लस नाही आणि लागण झालेली डुकरं जवळजवळ सगळी मरतात. चीनमध्ये 2018 ला शिरला, जगातली निम्मी डुकरं त्या एका देशात, पुढच्या वर्षी तिथे पोर्कचे भाव दुप्पट झाले. माणसाला हा रोग होत नाही हेही जरा मोठ्या अक्षरात छापा, 2009 ला पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा तो माणसाकडून माणसाला पसरत होता तरी लोक डुकराच्या मटणाला घाबरले.

आता विमानाचं. हा रोग आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा गेला तो 1957 ला, पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या विमानतळाजवळ, विमानातलं उष्टं डुकरांना घातल्यामुळे, आणि पुढे तो स्पेन-पोर्तुगालमधून पूर्ण हटवायला 1990 नंतरची काही वर्षं उजाडली. 2007 ला जॉर्जिया देशात पोती नावाच्या बंदराजवळ निघाला, तिथेही संशय जहाजातल्या उष्ट्यावरच. आपल्याकडे उरणला जेएनपीटी बंदर होतंच, आता पलीकडे विमानतळ, म्हणजे दोन्ही दारं शेजारी शेजारी. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या मटणात हा विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो, खारवलेल्या सॉसेजमध्येसुद्धा टिकतो, मरतो तो नीट शिजवल्यावर.

उष्टं घालणं बंद करा असं मी म्हणणार नाही, खुराक विकत घेऊन दोन-चार डुकरं पाळणं परवडत नाही हे मी घरात बघितलंय. पण हॉटेलचं उष्टं खळाखळा उकळून घालायला मोठी पातेली आणि सरपण महापालिकेने द्यावं, काय फार खर्च येणार आहे? विमानातलं आणि जहाजातलं उष्टं मात्र डुकरांपर्यंत जाताच कामा नये, ते जाळूनच टाकलं पाहिजे.

अजून एक. रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात, धडधाकट असली तरी. सरकार भरपाई देतं पण पाळणाऱ्याला ती कधी आणि किती मिळणार हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून तो आजारी जनावर गपचूप विकून टाकतो आणि रोग पुढच्या गावात जातो. त्याला दोष देऊन काय होणार, भरपाईचा दर आधीच वस्तीवस्तीत जाऊन सांगा ना.

एकदा तुमचा रिपोर्टर पाठवून विमानतळाच्या कचऱ्याची गाडी शेवटी कुठे रिकामी होते ते बघा आणि छापा, एवढी विनंती.

एक वाचक, नेरूळ