बाबा, आजोबांचं उदाहरण आता नको

प्रिय आई-बाबा,

फोनवर सिगरेटचा विषय काढला की बाबा लगेच आईच्या हातात फोन देतात म्हणून लिहितेय. बाबा, तुमचं ते ठरलेलं वाक्य, आजोबांनी शेवटपर्यंत ओढली, त्यांच्या हार्टला काय झालं, आपलं रक्तच दणकट आहे. मलाही ते खरं वाटायचं.

गेल्या महिन्यात माझ्या टेस्टमध्ये लिपोप्रोटीन-ए वाढलेलं निघालं, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, तो जास्त असला की हार्टच्या आजाराचा धोका वाढतो. डॉक्टर म्हणाल्या हे खाण्यापिण्याने वाढत नाही, जन्मापासूनच असतं, आई किंवा वडलांकडून येतं, साधारण पाचात एकाला. राग अजिबात नाहीये, पण तुमच्यापैकी एकाचंही वाढलेलं असणार ना, आणि ते बाबांचं असलं तर वरून सिगरेट, ह्या विचाराने झोप लागत नाही.

बाबा, दणकट रक्ताचं सांगते. २०१७ साली सुमारे १ लाख ४० हजार लोकांवरचा एक अभ्यास आला. एडीएएमटीएस-७ नावाच्या जीनजवळ काही लोकांत असा बदल असतो की हार्टच्या आजाराचा धोका कमी होतो. कधीच न ओढणाऱ्यांत १२ टक्क्यांनी कमी, आणि ओढणाऱ्यांत? फक्त ५. म्हणजे जन्मतः मिळालेलं कवच होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त धुरात गेलं! ह्या जीनमुळे जे प्रोटीन बनतं ते रक्तवाहिनीची भिंत जाड व्हायला हातभार लावतं, आणि सिगरेटच्या धुराचा अर्क रक्तवाहिनीच्या पेशींवर टाकला तर ते प्रोटीन वाढतं असं लॅबमध्ये दिसलंय. आजोबांकडे असं काही होतं का ते आता कळणार नाही, आणि असलं तरी ते तुमच्यात आलंय ह्याची गॅरंटी कोण देणार.

"आता दोनच ओढतो" हे पण नको बाबा. रोज एक ओढणाऱ्याचाही हार्टच्या आजाराचा जादा धोका, वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. पूर्ण सोडली तर मात्र काही वर्षांत तो जादा धोका निम्म्यावर येतो, ह्या वयातही फायदा होतो.

आई, गॅलरीत कुंडीमागे राख झाडायचं ते डब्याचं झाकण तू रोज सकाळी गुपचूप धुऊन ठेवतेस, मी बघितलंय. नको धूस.

दोघांची लिपोप्रोटीन-ए टेस्ट ह्या आठवड्यात करा, बहुतेकांना आयुष्यात एकदाच करावी लागते. आणि बाबा, सोडायच्या गोळ्या आणि पॅच असतात, डॉक्टरांकडे मी येते सोबत. रविवारी फोन करेन तेव्हा आईला देऊ नका, तुम्हीच बोला.

तुमची,
छकुली