सर्व्हिसिंगला उशीर झाला म्हणून सगळी वॉरंटी रद्द का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यानंतर कास, तापोळा, कोयनानगर या रस्त्यांवर राहण्याची सोय असलेल्या गाड्या अधूनमधून दिसू लागल्या आहेत. त्यांतली एक माझी आहे. सेवानिवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून मी ती कुटुंबासाठी बांधून घेतली. या गाडीच्या वॉरंटीबाबत मला जो अनुभव आला, तो केवळ माझा राहू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कॅराव्हॅन घेताना बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की या गाडीला एक नव्हे, दोन वॉरंट्या असतात. इंजिन, गिअर, ब्रेक यांची जबाबदारी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा चालता सांगाडा, बनवणाऱ्या कंपनीची असते आणि तिची मुदत त्या कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे चालते. त्यावर बांधलेली खोली, छप्पर, खिडक्या, पाण्याची टाकी, गॅसची जोडणी आणि अंतर्गत वायरिंग यांची जबाबदारी बॉडी बांधणाऱ्याची असते आणि त्याच्या वॉरंटीची मुदत गाडीचा ताबा दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते. चॅसीच्या सर्व्हिसिंगची आठवण करून देणारे संदेश मोबाइलवर वेळेवर येतात. बॉडीच्या वार्षिक तपासणीची आठवण मात्र कोणी करून देत नाही, आणि वॉरंटीचा खरा वाद नेमका तिथेच उभा राहतो.

माझ्या गाडीचा ताबा मला १६ जूनला मिळाला. बॉडीच्या वॉरंटीतील अट अशी, की दर वर्षी त्या तारखेच्या आधी किंवा नंतर ३० दिवसांच्या आत अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासणी झाली पाहिजे. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्याच आठवड्यात मी वर्कशॉपला फोन केला. काम फार असल्यामुळे मला २१ ऑगस्टची तारीख देण्यात आली आणि थोडा उशीर झाला तरी चालते, असे तोंडी सांगण्यात आले. मी त्यावर विश्वास ठेवला. दिवाळीच्या सुमारास पलंगामागचे कपाट उघडले, तर आतले प्लायवूड काळे पडून बोटाने दाबल्यावर दबत होते. साताऱ्यात बॉडीची कामे करणाऱ्या एका जाणकार कारागिराने छतावरील वातानुकूलन यंत्राच्या कडेची पट्टी काढली, तेव्हा तिच्याखाली सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा लेप, जेमतेम निम्म्या लांबीला आणि तोही अगदी पातळ लावलेला आढळला. पहिला पावसाळा तो कसाबसा टिकला होता, दुसऱ्या पावसाळ्यात त्याने दगा दिला. मी वॉरंटीखाली दुरुस्ती मागितली, त्यावर एका ओळीचे उत्तर आले: वार्षिक तपासणी मुदतीनंतर ३६ दिवसांनी झाली असल्यामुळे बॉडीची संपूर्ण वॉरंटी रद्द झाली आहे.

वार्षिक तपासणीची अट मुळातच अन्याय्य आहे, असे माझे म्हणणे नाही. कॅराव्हॅनचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे आणि ते गाजावाजा न करता आत शिरते. छताचे सांधे, खिडक्यांची रबरे, वरचे झरोके, यंत्रे बसवण्यासाठी पाडलेली भोके यांतून थेंब थेंब पाणी भिंतीच्या आतल्या थरात उतरते. बाहेरचा पत्रा किंवा फायबर कोरडे आणि चकचकीत दिसत असते, आत मात्र लाकूड कुजत जाते. म्हणूनच तपासणीत ओल मोजण्याचे छोटे यंत्र भिंतीला ठिकठिकाणी लावून आकडे नोंदवतात. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा काळजीचा मानत नाहीत. १५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान पुन्हा तपासणी करावी लागते, २० च्या वर दुरुस्ती हाती घ्यावी लागते आणि ३० च्या पुढे गेल्यास भिंतीच्या सांगाड्यालाच धक्का बसल्याची शक्यता असते. वेळीच सापडलेली गळती सीलंटच्या एका नळीत भागते. तीच वर्षभर दुर्लक्षित राहिली, तर अख्खी भिंत उघडावी लागते. गॅसच्या नळीची गळती आणि विजेची सुरक्षा यांबाबतची तपासणी तर जिवाशीच निगडित आहे. तेव्हा उत्पादकाने दर वर्षी गाडी तपासून घ्या असे सांगणे योग्यच आहे आणि ज्यांनी ती टाळली असेल त्यांनी ती या आठवड्यातच करून घ्यावी.

माझा आक्षेप उशिराच्या शिक्षेला आहे. माझ्याच बाबतीत पाहा. २१ ऑगस्टच्या तपासणीत वर्कशॉपने स्वतः नोंदवलेल्या अहवालात त्या कोपऱ्याची ओल १२ टक्के आहे, म्हणजे भिंत तेव्हा कोरडी होती. ऑक्टोबरमध्ये तिथेच २८ टक्के भरले. त्या ३६ दिवसांत कोणतेही नुकसान झाले नव्हते, लपलेही नव्हते, आणि तपासणी १६ जुलैला झाली असती तरी त्या पट्टीखालचे सीलंट वाढले नसते. दोष बांधणीचा, त्याचे कारण बांधणीतले आणि शिक्षा मात्र तारखेबद्दल, तीही वर्कशॉपनेच दिलेल्या तारखेबद्दल.

यासंबंधी आपल्याकडे विचार झालेलाच नाही असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच आदेशात, ग्राहकाने बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे सांगितले होते. त्या आदेशाविरुद्ध कंपन्यांनी अपिले केली, हेही खरे. तो वाद बाहेरच्या दुरुस्तीचा होता, माझा उशिराचा आहे. पण नाकारणी नुकसानीपुरतीच असावी, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडायला हवे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे. करारभंगामुळे दुसऱ्या पक्षाचे जे नुकसान झाले त्याच्याशी अजिबात प्रमाणात नसलेला दंड ग्राहकावर लादणे, किंवा त्याला तोट्यात टाकणारी अवाजवी अट घालणे, या दोन्ही गोष्टी त्या व्याख्येत स्पष्टपणे नमूद आहेत. ३६ दिवसांच्या उशिराबद्दल कित्येक वर्षांची वॉरंटी बुडवणे हे याहून वेगळे काय आहे?

सातारा जिल्ह्याच्या दृष्टीने या अटीत आणखी एक गफलत आहे. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. डोंगरातली जुनी माणसे पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे आडोसे बांधत, घर शाकारून घेत, कारण ही कामे केव्हा करायची हे पाऊसच ठरवतो. कॅराव्हॅनची ओल तपासण्याची योग्य वेळही एकदा मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, आणि एकदा पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात, अशी आहे. ज्याचा ताबा जूनमध्ये झाला त्याच्यावर ऐन पावसात गाडी पुण्याकडच्या वर्कशॉपमध्ये नेण्याची वेळ येते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला होता. अशा दिवसांत घाटापलीकडच्या किंवा डोंगरातल्या मालकाने मुदत कशी पाळावी, याचा विचार पुस्तिकेत कोठेही नाही. २०२० च्या टाळेबंदीत अनेक वाहन कंपन्यांनी मोफत सर्व्हिसिंगच्या आणि वॉरंटीच्या मुदती आपण होऊन वाढवून दिल्या होत्या. म्हणजे मनात आणले तर ते शक्य असते.

बॉडी बांधणाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. मालकाने ज्या दिवशी तपासणीसाठी नंबर मागितला, तो दिवस मुदतीसाठी धरावा; वर्कशॉपला वेळ नव्हता याचा भुर्दंड मालकावर पडू नये. उशिरामुळे नुकसान वाढले असेल, तर तेवढा भाग त्यांनी दाखवून द्यावा आणि तेवढाच नाकारावा. तपासणीची मुदत पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर घेण्याची मुभा द्यावी, आणि वॉरंटीच्या अटी गाडीचे पैसे भरण्यापूर्वी मराठीत छापून हाती द्याव्यात. राज्य पर्यटन खात्याने कॅराव्हॅनधारकांना प्रोत्साहन देताना या अटींकडेही लक्ष घालावे, अशी विनंती आहे.

तोपर्यंत मालकांनी स्वतःचे संरक्षण स्वतः करावे. मी जी चूक केली ती इतकीच, की फोनवरच्या आश्वासनावर विसंबून राहिलो. मुदत संपण्यापूर्वी ईमेल किंवा पत्राने नंबर मागावा, त्यात चॅसी क्रमांक आणि ताब्याची तारीख लिहावी, आणि पुढची तारीख मिळत असेल तर वॉरंटी अबाधित राहील असे लेखी उत्तर घ्यावे. उत्तर आले नाही, तरी आपले पत्र वेळेत गेल्याचा पुरावा हाती राहतो. मधल्या काळात जवळच्या जाणकार कारागिराकडून ओलीचे आकडे नोंदवून, सांध्यांची छायाचित्रे काढून, तारखेसह बिल घ्यावे. मात्र त्याला सांधे उघडू देऊ नयेत, नाहीतर उद्या दोष त्याच्यावर ढकलला जाईल. तपासणी झाल्यावर नुसत्या शिक्क्यावर समाधान न मानता ओलीच्या आकड्यांचा तक्ता मागून घ्यावा. माझ्याकडे तो होता, म्हणूनच मी आज काही बोलू शकतो.

आणि मुदत उलटून गेलीच असेल, तर आता काही उपयोग नाही असे समजून तपासणी सोडून देऊ नये. उशिरा का होईना, कोरडी भिंत नोंदवली गेली तर मधल्या काळात नुकसान झाले नाही हे सिद्ध करता येते. नकार आल्यास तो लेखीच मागावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे भागले नाही, तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. नव्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाला कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. फक्त करारच अनुचित आहे अशी तक्रार करायची असल्यास राज्य आयोगाकडे जावे लागते. गाडी पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: व्यापारी वापराची वस्तू या कायद्याच्या कक्षेबाहेर जाते, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू कक्षेतच राहते.

भिंतीच्या दुरुस्तीचे ४८ हजार रुपये मी सध्या पदरचे भरले आहेत आणि साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे दाखल करण्यासाठी तक्रारीचा मसुदा तयार केला आहे. यंदाच्या तपासणीसाठी मे महिन्यातला नंबर मार्चमध्येच ईमेलने मागितला असून, त्याचे लेखी उत्तर वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक कॅराव्हॅनधारक
मेढा, ता. जावळी, जि. सातारा