फ्रिजच्या दारातली बाटली

ती. आई-बाबांस, सा. न.

चिऊचा लघवीच्या संसर्गाचा ताप उतरून आज चार दिवस झाले. सलाइनची सुई होती तिथे निळसर डाग राहिलाय, तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवते. परवा फोनवर बाबा म्हणाले, 'पोरीच्या अंगाला औषध लागेनासंच झालंय.' तेव्हा मी गप्प बसले. बोलले असते तर रडले असते, म्हणून लिहितेय.

बाबा, चिऊच्या अंगात काही खोट नाही. निर्ढावलेत ते जंतू. ई. कोलाय नावाचा हा जंतू आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात असतो, तिथे तो निमूट राहतो. लघवीच्या वाटेनं वर चढला की त्रास देतो, आणि मुलींची ती वाट आखूड. लहान मुलांच्या लघवीच्या दहा संसर्गांपैकी आठ-नऊ याचेच. अँटिबायोटिक पोटात गेलं की आतड्यातले साधे जंतू मरतात, चिवट उरतात आणि रिकाम्या जागेत फोफावतात. वर आपल्या चिवटपणाची जनुकं शेजारच्या जंतूंनाही वाटतात. २०१६ साली २६ देशांतल्या ५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. मुलांच्या लघवीत सापडलेल्या ई. कोलायपैकी श्रीमंत देशांतही निम्म्याहून जास्त अँपिसिलिन या अँटिबायोटिकला दाद देत नव्हते, इतर देशांत जवळपास ८० टक्के. शिवाय एकदा घेतलेल्या अँटिबायोटिकची सावली, म्हणजे जंतूंचा हा चिवटपणा, सहा महिन्यांपर्यंत राहू शकते, असंही त्यात होतं.

ते वाचलं आणि मला चिऊची मागची सर्दी आठवली. डॉक्टर सांगत होत्या, विषाणूची आहे, आपोआप जाईल. मीच हट्टानं अँटिबायोटिकचं सिरप लिहून घेतलं. सर्दीच्या विषाणूला त्या सिरपचं काय सोयरसुतक! आणि उरलेली बाटली फ्रिजच्या दारात कुणी ठेवली? मीच.

तीच तुमच्या हाती लागली. पूड पाण्यात कालवून केलेलं ते औषध आठवडाभर टिकतं, ती बाटली दोन महिन्यांची होती. आई, मध्यरात्री नातीचं अंग भाजत असताना तू हाताला लागलं ते दिलंस, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्यात दोन दिवस गेले. ताप मूत्रपिंडाच्या संसर्गाचा असेल तर तेवढ्या उशिरानंही मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहण्याचा धोका वाढतो. पुढचा गोंधळ नमुन्याचा. पहिल्यांदा चिकटपिशवी लावून लघवी घेतली, तिच्यात कातडीवरचे जंतू मिसळले आणि रिपोर्ट कुचकामी ठरला. मग नळी घालून घेतली. तेव्हाचं तिचं रडणं अजून कानात आहे. दोन दिवसांनी कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू उगवून केलेल्या तपासणीचा, कागद हातात पडला. औषधांची लांबलचक यादी आणि पुढे आर, आर, आर. म्हणजे हे चालणार नाही, हेही नाही, हेही नाही. खाली खाली गेल्यावर कुठे एक एस दिसला, म्हणजे हे चालेल, अमिकासिनसमोर. त्याची इंजेक्शनं घ्यावी लागली ती त्यामुळे. तरी आपलं नशीब, जंतू उगवले तरी. आधी अँटिबायोटिकचे एक-दोन डोस गेले की पुष्कळदा नमुन्यात काहीच उगवत नाही, पोर मात्र आजारीच असतं.

बाबांनी विचारलं होतं, रोज थोडं थोडं औषध चालू ठेवलं तर? मीही डॉक्टरांना तेच विचारलं. लघवी मूत्राशयातून उलटी वर जाण्याचा दोष असलेल्या ६०७ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झालाय. रोजच्या औषधानं संसर्ग निम्म्यावर आले, व्रण मात्र कमी झाले नाहीत. आणि औषध चालू असूनही ज्यांना पुन्हा ई. कोलायचा संसर्ग झाला, त्यांच्यातल्या ६३ टक्के मुलांत जंतू त्या औषधाला निर्ढावलेले होते. औषध नसलेला, नुसता दिखाऊ डोस घेणाऱ्यांत १९ टक्के. चिऊला सध्या नको, असं डॉक्टरांचं मत पडलं.

त्यापेक्षा तिला दर दोन-तीन तासांनी बाथरूममध्ये न्या. खेळात रमली की ती पाय आवळून बसते, ते तुम्ही पाहिलंयच. पोट साफ होतंय ना, तेही बघा. आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो आणि लघवी पुरती सुटत नाही.

आणि आई, लघवीला जळजळ झाली की तू पर्समधल्या त्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांतल्या दोन घेतेस आणि बरं वाटलं की सोडतेस. मला ठाऊक आहे. एका घरातल्या माणसांत हे आतड्यातले जंतू इकडून तिकडे जातात, तेव्हा हा फक्त तुझा प्रश्न नाही. या खेपेला तुझीही तपासणी करू. चिडू नकोस.

रविवारी येतेय. लघवीच्या नमुन्यासाठी निर्जंतुक डब्या आणतेय, त्या औषधांच्या कपाटात ठेवू. पुन्हा सर्दी-खोकल्याशिवाय ताप आला तर मला फोन, डॉक्टरांना फोन, आणि अँटिबायोटिकच्या आधी लघवीचा नमुना. तापाचं औषध द्यायला हरकत नाही. बाटली मी फेकली. फ्रिजच्या दारात तिचा गोल चिकट डाग राहिला होता, तो काल चिऊनंच पुसला.

तुमची,
मनू