थंडीतलं जॅकेट आणि मांजरपाटाचा नमुना

जळगाव,
पौष

प्रिय मैत्रिणी,

काय चाली ऱ्हायनं? तुझं पत्र मिळालं. इकडे यंदाचा हिवाळा धड हिवाळ्यासारखा नाही. दोन दिवस हाडं गोठवणारी कोरडी थंडी, की लगेच तीन दिवस ढगाळ हवा आणि अवकाळीचे शिंतोडे. हरभऱ्याला अशी हवा वाईट, आणि शिवणाऱ्याच्या कापडालाही.

सासूबाईंच्या जॅकेटचा नमुना, म्हणजे खऱ्या कापडाआधी मांजरपाटाचा (साध्या कोऱ्या सुती कापडाचा) शिवून बघितलेला, काखेत धरतो, बाही दंडावर फिरत नाही आणि पाठीला मानेखाली आडवी घडी पडते, असं तू लिहिलंस. यातल्या दोन तक्रारी तुझ्या बेतण्यातल्या नसून हवेच्या आहेत असं मला वाटतं. म्हणून अजून कात्री लावू नकोस.

आधी कापडाचं पाहू. आपण कापसाच्या मुलखातल्या बायका. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसात आठ टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पूर्ण भाव मिळतो आणि बाराच्या वर गेली तर माल घेतच नाहीत, हे घरोघरी पाठ आहे. तो कापूस सूत झाला, मांजरपाट झाला, म्हणून हवेतली ओल प्यायचा थांबत नाही. ओलसर मांजरपाट मऊ पडतो, अंगाला चिकटतो आणि मुळात तंग असला तरी छान बसल्यासारखा दिसतो. वाळला की ताठ होतो आणि खरं रूप दाखवतो. म्हणून नवा मांजरपाट आधी गरम पाण्यात अर्धा तास बुडव, चोळून खळ काढ, पिळू नकोस. तो मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतो. ढगाळ दिवसांत दोरीवर टाकून भागत नाही. रात्रभर पंख्याखाली ठेव, मग वाफेविना इस्त्री कर. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, ओढायची नाही. ओलं कापड गरम इस्त्रीखाली ताणलं तर उरेब, म्हणजे तिरक्या, बाजूला वाहवतं आणि मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, आकारच बदलतो. गालाला लावून गार लागलं तर अजून ओल आहे असं समज.

छाती ३६ इंचांची, लांबी २४ इंच आणि पूर्ण बाही असेल, तर ४४ इंच पन्ह्याचा सव्वादोन मीटर पुरतो. बेतण्याआधी आडवा एक धागा ओढून कापड सरळ करून घे. खांद्याला आणि बाजूला एक इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, ठेव, गळ्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच. छातीची रेघ, कंबर, कोपर, पुढचा आणि मागचा मध्य हे सगळं पेन्सिलीने दोन्ही बाजूंनी काढ. दमट कापडावर खडू धड उमटत नाही. टाका मोठा, चार मिलिमीटरचा, आणि दोरा लाल, म्हणजे उसवताना डोळ्यांना त्रास नाही. शिवून झालं की टाचण्या लगेच काढ. या हवेत चार दिवस कापडात राहिल्या तर गंजाचे डाग पाडतील.

आता मुख्य गोष्ट, माप. सासूबाई जॅकेट कशावर घालणार? आत इनर, वर पोलकं आणि वर स्वेटर असेल, तर माप त्यावरूनच घ्यायचं. आत जेवढी जाडी येते, तिच्या साधारण सहापट घेर वाढतो. इनर दोन आणि स्वेटर चार मिलिमीटर म्हणजे सहा मिलिमीटर जाडी, म्हणून घेर जवळजवळ दीड इंच वाढला. हा दीड इंच छातीला जसा वाढतो तसाच दंडालाही वाढतो. दंड छातीपेक्षा बारीक, म्हणून त्याला कमी लागेल असं वाटतं, पण तसं नाही. छातीला दोन इंच मिळवून दंडाला पाव इंच मिळवला की बाही अडकते. तुझी दुसरी तक्रार बहुतेक हीच आहे. स्वेटरवरून माप घेतलंस, तर मात्र त्याची जाडी परत मिळवू नकोस. तिथून पुढे छातीला चार इंच आणि दंडाला अडीच-तीन इंच ढील, म्हणजे सैलपणा, दे, पुरे.

खरं जॅकेट रजईच्या कापडाचं किंवा जाड फ्लॅनेलचं असेल, तर एकेरी मांजरपाट खोटं बोलेल. जाड कापडाची निम्मी जाडी आतल्या बाजूला जाते आणि आतली जागा कमी होते. नमुन्याच्या आत जुनी चादर किंवा पातळ गोधडी अस्तरासारखी लाव. थोडं काम वाढेल, पण खरं कापड फुकट जाणार नाही.

मानेखालची आडवी घडी कधी पडते? खांदे वर उचललेले असले की कापड वर ढकललं जातं आणि मानेखाली गोळा होतं. पहाटेच्या थंडीत माणूस कुडकुडत खांदे कानाशी नेतं, सासूबाई तर नेतीलच. त्या वेळी घडी बघून खांदा सरळ केलास, तर ऊन आल्यावर जॅकेट खांद्यावरून लोंबेल. दुपारी बारा ते तीनमध्ये, दार लावून, चहा देऊन मग नमुना घाल. पंधरा मिनिटं अंगावर राहू दे. तेव्हाही घडी पडली तरच खांद्याचा उतार अर्धा इंच कमी कर. उजेड एका बाजूने येऊ दे. आभाळाच्या सपाट उजेडात चुण्या दिसत नाहीत, खिडकीशी दिवा धर.

काखेचं मात्र तपासून कर. मुंढा खोल केला की हात मोकळा होतो, असं सगळे समजतात. स्वेटरसाठी मुंढा पाव ते अर्धा इंच उतरव, त्यापुढे नको. जास्त उतरवलास तर हात वर करताच सगळं जॅकेट वर उचललं जाईल. हात अडतो तेव्हा बाहीची टोपी, म्हणजे खांद्याकडचा गोलसर भाग, थोडी उतरव आणि बाही रुंद कर. कळण्याची भाकरी थापताना हात पुढे जातात तसे सासूबाईंना करायला सांग. त्या वेळी पाठीवर काखेपासून काखेपर्यंत ओढ आली, तर मागच्या भागात मध्ये प्रत्येक बाजूला पाव इंच वाढव किंवा एक चुणी ठेव.

चुण्यांकडे बघायची एक खूण आहे. आडव्या ताणलेल्या रेघा जिकडे रोख धरतात, तिकडे कापड कमी आहे. सैल लोंबणारा झोळ दिसला की तिथे कापड जास्त आहे. ताणलेली जागा आधी मोकळी कर, मगच झोळाला हात लाव, कारण ताण सुटला की निम्मा झोळ आपोआप जातो.

मशीन जड चालतं म्हणालीस. त्यात कोणी खोबरेल तेल घातलं का? ते २४ अंशांच्या खाली गोठतं आणि शटलमध्ये मेणासारखं बसतं. रॉकेलने पुसून मशीनचं पातळ तेल घाल. चामड्याचा पट्टा ओलीने सैल झाला असेल, तर अर्धा इंच कापून हुक परत अडकव.

बदल नक्की झाले की नमुना उसव, सरळ इस्त्री कर आणि त्याच्यावरून जाड कागदावर उतरव. कागद ओलसर भिंतीपाशी ठेवू नकोस, तोही फुगतो.

सासूबाईंच्या दंडाचं माप स्वेटरवरून घे आणि आधी मला कळव. मग बाही बेतू.

तुझी,
मैत्रीण