बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली निवृत्त परिचारिका. यंदा आषाढात लेकीला आठव्या महिन्यातच मुलगी झाली, वजन 1600 ग्रॅम. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहून ती घरी आली आणि आठवडाभरात तिच्या जिभेवर पांढरा थर दिसला. दुधाचा असेल म्हणून मी बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसलं. दूध असतं तर निघालं असतं. हे निघेना, आणि जिथे निघालं तिथे खाली लालभडक. शेजारीण म्हणाली, "मध चाटव गो जरा." (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये.) जावई औषधाच्या दुकानात गेले, तर चिठ्ठी न मागता अँटिबायोटिकचं सिरप हातात ठेवलं. मी बाटली उघडू दिली नाही.

ही कॅन्डिडा नावाची बुरशी. आपल्यातल्या कित्येकांच्या तोंडात, आतड्यात ती असतेच. अँटिबायोटिकने तिला दाबून ठेवणारे चांगले जंतू मरतात आणि तिला रान मोकळं मिळतं. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बुरशीच्या कवचावरची साखर ओळखून तिला गिळतात. तिचे धागे लांबले आणि गिळता येईनात, तर स्वतःच्याच डीएनएचं जाळं तिच्यावर टाकतात. आमच्याकडची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून बऱ्याच माणसांनी मिळून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, डोळ्यांसमोर आणा. नवजात बाळाच्या रापणीला बदलीची माणसं, म्हणजे राखीव पेशी, फारशी नाहीत, आहेत त्यांना पोचायला वेळ, जाळं पडायलाही वेळ. त्यातून आईची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) बाळाला मिळतात ती बहुतेक गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे दिवस न भरलेलं बाळ त्यातही उपाशी. अशा बाळाच्या रक्तात बुरशी उतरली तर जिवावर बेततं. ताप येईलच असं नाही. अंग गार पडतं, बाळ दूध ओढेनासं होतं.

नातीचं तोंडापुरतंच होतं. डॉक्टरांनी तिला तोंडात लावायचे थेंब आणि लेकीला स्तनांना लावायचं मलम दिलं, नाहीतर ते दोघींत फिरत राहतं. आठ दिवसांत जीभ गुलाबी झाली. दुपटी मात्र पावसात वाळेनात. चुलीवरच्या दोरीवर टाकायची, मग इस्त्री फिरवायची, कारण दमट लंगोटाने जांघेतही हीच बुरशी धरते.

कमी वजनाच्या बाळाला घरी सोडताना त्याच्या आईला उजेडात तोंड कसं बघायचं ते हाताला धरून शिकवावं. आणि तान्ह्या बाळासाठी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणाऱ्या दुकानांची अन्न व औषध प्रशासनाने तपासणी करावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, देवगड, जि. सिंधुदुर्ग